छत, मान आणि भावोजींची बायपास

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नाही, नुसताच नमस्कार (मान वाकवायला मनाई आहे, कारण पुढे येतं). इतके दिवस पत्र नाही, याबद्दल रागावू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं विचारत नाही. ते ठणठणीतच असणार.

मागच्या महिन्यात तू फोनवर सहज म्हणालीस, की ह्यांनी या वयात, बायपास झालेली असताना, अख्खं छत एकट्यानं रंगवलं. हिने ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी शिडी आणली आणि दिवसभर मान मागे टाकून रंगवत राहिलो. हॉलचं अर्धं छत झालं तोवर मान धरली, डोकं ठणकायला लागलं आणि डावी पापणी खाली आली. "डोळा कसला मारताय?" हिने विचारलं. (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं लक्ष गेलं.)

इस्पितळात कळलं, की मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलंय. खरं सांगतो ताई, भीती वाटायच्या आधी क्षणभर अभिमान वाटला. त्यांचं हृदय, तर माझा मेंदू! प्रत्येक लग्नात पंगतीला त्यांची बायपास ऐकत आलो. आता माझी पाळी. पण डॉक्टरीणबाईंनी हवाच काढली. "रक्त पातळ ठेवायची गोळी घ्या, गुठळी होऊ नये म्हणून. बरेचदा फाटलेलं आपोआप भरून येतं." मी आशेनं विचारलं, "धमनीत जाळी नाही बसवायची?" "गोळी घेऊनही त्रास वाढला, तर बघू." "आणि ऑपरेशन?" "ते फारच क्वचित." (शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याला जाळी बसली. त्याच्याकडे पाहुणे मावेनात. मला भेटायला आलेला मेहुणासुद्धा त्याच्याच खाटेवर टेकला.) मत्सर वाईट, हे मला कळतं. रोज मनात डोकावून पाहतो, रोज तेवढाच सापडतो.

तुझा धाकटा

ता. क. पुढच्या शुक्रवारी पुन्हा स्कॅन आहे. धमनी आणखी अरुंद झाली असेल तर जाळीचं बोलणं निघेल, आणि आता मला ती मुळीच नको आहे. हिच्यासमोर हसतो, पण आतून टरकलोय. भावोजींना पाठवशील? स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर कसं बसायचं, ते त्यांनाच ठाऊक. बायपास अगदी पहिल्यापासून सांगू देत. मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. २ अर्ध्या छताचं त्यांना कळता कामा नये.

उद्याचं काम: हॉलमधला बल्ब काढणे. (हिच्याकडून. मला वर बघायला मनाई.)