एक हात कमी

सोमवार
…ह्यांच्याबरोबरच्या शेवटच्या सफरीच्या सकाळीही मी आधी स्टोव्ह पुसला, तळाशी साचलेलं पाणी उपसलं, शीड उसवलं होतं तिथे टाके घातले आणि मग ह्यांचा चहा बोटीच्या पुढच्या टोकावर नेऊन दिला. हे तिथे बसून शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडत आणि खोली सांगत. मी सुकाणूवरून म्हणे, "समजलं." उथळ खाड्यांतून आम्ही अशीच वाट काढायचो.

बोट दुरुस्तीला या खाडीत ठेवून हे घरी आले आणि घरीच वारले. आज वर्षाने मी बोटीवर राहायला आले. रंग छान बसलाय. शिडं शिवणाऱ्या मावशीने विचारलं, एकटीच नेणार? म्हटलं, दोघांचं काम करेन. ती म्हणाली, मग दोघांचं जेवावंही लागेल. खूप दिवसांनी हसले.

रविवारी भाऊजी गिऱ्हाईक घेऊन येताहेत. त्याआधी बोट खाडीबाहेर काढायची. ह्यांची बोट मी विकू देणार नाही.

मंगळवार
भरतीला खाडीच्या तोंडापर्यंत गेले. तिथली वाळूची पट्टी सारखी सरकते, नकाशाचा उपयोग नाही. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोरी, जमेना. तेवढ्यात पुढच्या टोकावरून आवाज आला, "चार." ह्यांचाच. टोकावर कोणी नव्हतं.

सवयीने म्हटलं, "समजलं." दोरी टाकून पाहिली. बरोबर चार हात.

परत येऊन रडले. मावशीला सांगितलं, तर तिची सुई थांबली. म्हणाली, त्या आवाजामागे गेलेल्या बोटी पट्टीवर फुटल्या. माणसं सापडली नाहीत.

बुधवार
रात्रभर विचार केला. हे कधीच खरी खोली सांगत नसत. चार असेल तर तीन म्हणत. एक हात कायम राखून, सुकाणूवर मी आहे म्हणून. यावरून भांडायचेही मी. हा आवाज आहे तेवढी पुरती खोली सांगतो. म्हणजे हे नव्हेत.

आज पट्टीजवळ तो "पाच" म्हणाला. मला तळची वाळू दिसत होती. बोट वळवली आणि संतापून सुनावलं, माझा नवरा एक हात कमी सांगायचा, तुला तेवढंही येत नाही.

बोलायला नको होतं.

गुरुवार
आज तो तीन म्हणाला. दोरीने चार. दोन म्हणाला, दोरीने तीन. मध्ये खाकरलाही, अगदी ह्यांच्यासारखा — शेवटी पट्टीवर, हातभरही पाणी नव्हतं तिथे, "दोन" — तळ घासला. कशीबशी सुटले.

मावशी म्हणते, विकून टाक ग बाई. भाऊजींचा निरोप आलाय, उद्याच येतात.

देणार नाही. ना त्यांना, ना त्याला.

शुक्रवार
सकाळच्या भरतीला निघाले. शीड लहान केलं. सुकाणू दोरीने बांधलं आणि ह्यांच्या जागेवर मी बसले. खोली टिपायला वही मांडीवर आहे.

त्याने तोंड उघडायच्या आत मीच सांगते आहे, मोठ्याने, एक हात राखून. पुढून आवाज नाही. पुढे मी आहे.

पट्टी आली. "तीन," मी म्हटलं.

मागे बांधलेलं सुकाणू कुरकुरलं. तिथून, माझ्याच आवाजात — "समजलं."

वळून पाहिलं नाही. दोरी पुन्हा सोडली, वहीत टिपते आहे: दोन आणि —