जावईबापूंची लाल गाडी आणि आमचा झेंडू

अमरावती,
कोजागिरीचा दुसरा दिवस, २००७

परमपूज्य खुशालराव भाऊजींच्या पायांशी (पाय पुण्यात आणि कपाळ अमरावतीत असल्यामुळे मधल्या सगळ्या खड्ड्यांसकट) धाकटा साळा शेखर याचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? पाठीचं दुखणं थांबलं असेलच, कारण ज्या गाडीमुळे ते होतं ती गाडी आता आमच्याकडे आहे आणि पाठही आता आमचीच दुखते. इकडे बाबा बरे आहेत, माय बरी आहे. प्रतीक्षाताई गणपतीपासून इथंच आहे, तीही बरी आहे. (आपण फोनवर दर वेळी 'गाडी कशी आहे?' असं फार अगत्यानं विचारता, ताईचं विचारायचं घाईत राहून जातं, म्हणून न विचारता कळवलं.) पत्र शुद्ध भाषेत लिहितो आहे. मूळचे अकोल्याचे असूनही पुण्याला गेल्यापासून वऱ्हाडी बोली आपल्या कानांना टोचते, असं कळलं. बाबांचं बोलणं मात्र आहे तसंच लिहावं लागेल. ते शुद्ध करणं माझ्याच्यानं होणार नाही.

सर्वांत आधी आभार. उन्हाळ्यात अकोल्याच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, बाबांनी आपल्याला सांगितलं होतं की आमचा टेम्पो आता शेवटच्या घटका मोजतो आहे, फुलं वाहायला पुण्याकडे एखादी जुनी पण धडधाकट गाडी दिसली तर पाहा. औंदा आजूबाजूच्या शिवारात कापूस काही खरा नव्हता, सोयाबीनचं कोणी बोलतच नव्हतं, आणि आमच्या मळ्यातला झेंडू तेवढा जोर धरेल अशी आशा होती. आपण मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मामा, चिंता सोडा. गाडी धाडतो." आणि आपण गाडी धाडलीत. शब्द मोडला असं कोणाला म्हणता येणार नाही. बाबांनी गाडी कशी हवी ते सांगितलं, कशी नको ते सांगितलं नाही, ही चूक सर्वस्वी आमची.

आषाढात ती ट्रकवरून उतरली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. लाल भडक, दोन दारांची, दोन सीटांची, कापडी छताची, इतकी बुटकी की माय म्हणाली, "बसलेली हाय काय? उठव तिले." बाबांनी टोपी सारखी केली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, फुलांचे क्रेट कुठं ठेवायचे ते पाहायला मागचं झाकण उघडलं तर आत इंजिन. पुढचं उघडलं तर एक खळगा, त्यात पानाचा डबा आणि एक उशी मावेल एवढी जागा. बाबांनी त्या खळग्यात हात घालून तळ चाचपला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काहून रे, जावईबापूनं गाडी उलटी धाडली काय?"

आपण गाडीवर पुण्यात किती कलाकुसर केली आहे ते तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक! आपण ती मुद्दाम आणखी खाली दाबून घेतली होती, मागे विमानासारखा पंख बसवला होता आणि सायलेन्सर असा लावला होता की सुरू केल्याबरोबर शेजारच्या पार्बताबाईंच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. (त्या अजून बोलत नाहीत. पार्बताबाई म्हणतो आहे मी.) सोबतच्या चिठ्ठीत आपण सुचवलं होतं की चिखलदऱ्याच्या घाटात एकदा नेऊन पाहा, वळणावर गाडी रस्त्याला कशी चिकटते त्याचा आनंद काही निराळाच. खरं आहे. ती रस्त्याला चिकटतेच. आमच्या गल्लीच्या तोंडच्या गतिरोधकावर ती पोटानं अशी चिकटली की चार माणसांनी उचलून काढली. त्यानंतर मी दोन फळ्या घेऊन हिंडू लागलो. गतिरोधक आला की उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी चढवायची, पुन्हा उतरून फळ्या उचलायच्या. मळ्यापर्यंतच्या रस्त्यावर मी गाडीत कमी आणि गाडीपुढे जास्त असायचो. गडी म्हणायचे, शेखरभाऊ गाडी फिरवायला नाही, चारायला नेतात.

शेवटी तिला वलगाव रोडवर शाकीबच्या गॅरेजमध्ये नेलं. शाकीबनं आयुष्यभर टेम्पो आणि काळीपिवळी जीप दुरुस्त केल्या, पण भिंतीवर चित्रं सगळी असल्याच गाड्यांची. त्यानं गाडी पाहिली, हात धुतले, डोक्यावर रुमाल टाकला आणि मगच बोनेटला हात लावला. (इंजिन मागं आहे हे त्याला नंतर कळलं.) मी म्हटलं, हिला थोडी उंच कर. तो म्हणाला, "भौ, हे गाडी नाही, घोडी होये. हिले ठोकाठोकी नाई चालत, मोहब्बत लागते." आणि मग त्यानं महिनाभर इतकी मोहब्बत केली की घोडीचा उंट झाला. परतवाड्याच्या भंगारातून कुठल्या तरी टेम्पोच्या स्प्रिंगा आणून बसवल्या. सायलेन्सरमध्ये काय कोंबलं कोण जाणे, आता आवाज मोठा नाही, पण दम लागल्यासारखा येतो. पंख काढायला तो तयार नव्हता, 'खूबसूरती जाईल' म्हणाला. त्यामुळे पंख आहे. माय त्यावर टॉवेल वाळत घालते. पोळ्याला मी हौसेनं गाडी धुऊन, पॉलिश करून बैलांशेजारी उभी केली, तर आमच्या सर्ज्या बैलानं चकचकीत दारात दुसरा बैल पाहिला आणि त्याला शिंग मारलं. दाराला पोचा आला. शाकीब म्हणाला, राहू द्या, डिझाइन वाटते.

एक गोष्ट तेवढी नमूद करतो. या सगळ्यात मला त्या गाडीचा नाद लागला. दर रविवारी तेल तपासणं, कापडी छताला मेण चोळणं, नळीतून कुठं थेंब गळतो का म्हणून पोटाखाली झोपून पाहणं, यात दिवस कसा जातो कळत नाही. बाबा ओट्यावरून पाहायचे आणि मायला सांगायचे, "पाय, पोरगा गाडीखाली निंदण करून राह्यला." गणपतीला ताई आली तेव्हाही मी तसाच गाडीखाली होतो. मला वाटलं ती आधी मायला भेटेल. ती आधी गाडीपाशी आली, दारावरच्या पोच्यावरून हात फिरवला, टेम्पोच्या स्प्रिंगा पाहिल्या, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी समजलो, माहेरी आल्याचा उमाळा. (बहिणीच्या बाबतीत भाऊसुद्धा कधी कधी जावयाइतकाच हुशार असतो.)

आता मुख्य प्रकार सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेपासून झेंडू तोडला. अमरावतीच्या बाजारात त्या दिवशी फुलांचा असा लोंढा आला होता की कोणी विचारेना. पण अकोल्याचे आमचे जुने व्यापारी बशीरभाई यांनी निरोप धाडला होता की तिकडे माल कमी आहे, दुपारच्या आत आणा, सगळा घेतो. टेम्पो भरला, बाबांनी नारळ फोडला, मी चावी फिरवली आणि टेम्पोनं प्राण सोडला. शाकीब आला, आत डोकावला आणि टोपी काढली, त्यावरून आम्ही समजलो. दुसरी गाडी मिळेना. जिल्ह्यातली प्रत्येक भाड्याची गाडी त्या दिवशी फुलांवर लागली होती, आणि उरलेल्या सरकारी पाहणी पथकाच्या दिमतीला गेल्या होत्या. (आपण पेपरात वाचत असालच. या वर्षी आमच्याकडे पाऊस कमी आणि पथकं जास्त झाली.) झेंडूचं कसं असतं, दसऱ्याला सोनं आणि दुसऱ्या दिवशी शेणखत. बाबा टेम्पोतून उतरवलेल्या ढिगाशेजारी बसले. औंदाचं सगळं त्या ढिगातच होतं.

तेवढ्यात ताई घरातून आली, पदर खोचलेला, हातात लाल गाडीची चावी. शाकीबला म्हणाली, मागे हूक मारता येईल का? शेजारच्या मळ्यात पाणी वाहायची छोटी ट्रॉली होती, ती ओढून आणली. शाकीबनं आपल्या विमानाच्या पंखाखाली ट्रॉलीचा हूक बसवला आणि देवाची माफी मागितली. झेंडू ट्रॉलीत भरला, उरलेला पुढच्या खळग्यात. मी चालवायला बसणार तर ताईनं मला ट्रॉलीकडे बोट दाखवलं.

बाबा म्हणाले, "तुले येते का चालवता?"

"येते."

"कुठं शिकली?"

ताई म्हणाली, "पुण्याले. यांच्या दुपारच्या मीटिंगा लय लांबत."

भाऊजी, आपल्याला आठवत असेल, टायर इतके लवकर कसे झिजतात म्हणून आपण पुण्याच्या दुकानदाराशी फार भांडला होता. त्याची क्षमा मागून टाका. रोज दुपारी ताई गाडी काढायची, कधी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, कधी त्याही पुढं, आणि आपण येण्याआधी पुसून जागेवर लावायची. पेट्रोलही भरून ठेवायची. अख्ख्या पंगतीत आपण म्हणाला होतात, प्रतीक्षाला गाडीतलं चाक तेवढं ओळखू येतं, तेव्हा तिनं मान खाली घालून जिलेबी वाढली होती. आणि मग एके दिवशी ती भाजी घेऊन परत आली तर पार्किंग रिकामं. आपण गाडी साळ्याला दिलीत, फार मोठं मन दाखवलंत. ज्या माणसाची गाडी होती त्याला तेवढं विचारायचं राहून गेलं.

असो. डावीकडे बाबा बसले, कारण बशीरभाईंशी बोलणार तेच. सणाचं म्हणून धुवट धोतर, कडक पांढरी टोपी. मी ट्रॉलीत झेंडूवर पालथा, दोन्ही हातांनी दोर धरून. बडनेऱ्यापर्यंत शाकीब मोपेडवर मागं होता, काही गळून पडलं तर उचलायला म्हणून. फक्त माझी चप्पल पडली. ताईनं गाडी अशी हाकली, भाऊजी, की ट्रॉलीतल्या वरच्या फुलालासुद्धा धक्का लागला नाही. माझी गोष्ट वेगळी.

मूर्तिजापूरपाशी सगळी वाहतूक अडवून ठेवलेली. पथक येणार होतं. ट्रक, टेम्पो, बैलगाड्या, सगळ्यांची रांग लागलेली, आणि त्यात फुलांचे टेम्पोही उन्हात तापत होते. आम्ही संपलो असं वाटलं. पण हवालदारानं मान वर केली तर समोर उघडी लाल गाडी, त्यात पांढऱ्या टोपीतले गंभीर गृहस्थ, चालवायला बाई आणि मागे ढीगभर हार-फुलं. त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि दोर सोडला. बाबांनी क्षणभर विचार केला आणि हात जोडून असा नमस्कार केला की मला ट्रॉलीतून मत द्यावंसं वाटलं. पुढच्या फाट्यावर गावकरी उभे होते. पुंजाराम नावाचे एक म्हातारे गाडीला आडवेच आले आणि बोलू लागले. विहीर खचली, तीनदा पाहून गेले, कोणी उतरून पाहिलं नाही. बाबांनी ताईला गाडी बंद करायला लावली आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. इकडे माझ्या पोटाखाली फुलं सुकत होती. शेवटी बाबा म्हणाले, "भाऊ, मी काई सायेब नाई. मी फुलवाला हाय."

म्हातारे म्हणाले, "मंग बराबर हाय. मले वाटलंच, हा मानूस आयकून कसा राह्यला!"

दुपारच्या आत अकोला गाठलं. बशीरभाई दुकानाच्या पायऱ्या उतरून आले, गाडी पाहिली, ट्रॉली पाहिली, मला पाहिलं (माझ्या नाकाला पाकळ्या होत्या) आणि कपाळाला हात लावला. माल उतरायला लागला, हातोहात गेला. बशीरभाईंनी चहा मागवला आणि विचारलं, "शेषराव, डायवर नवा ठेवला काय? हात लय साफ हाय."

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "डायवर नाई. पोरगी होये माही." एवढंच. पण चार दुकानं ओलांडून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं बोलणारे आपण एकटेच नाही, भाऊजी.

तरी सर्व बाजूंनी विचार करता ही गाडी आमच्यासारख्या फुलवाल्यांना परवडणारी नाही. ती बुटकी होती, आता उंट आहे, आणि तिच्यापायी आमच्या घरातलं कोणी सरळ चालू शकत नाही. तरी आपण ती परत न्यावी, ही नम्र विनंती. माय आपल्याला आशीर्वाद सांगते, बाबा काही सांगत नाहीत. कळावे, लोभ आहेच, तो थोडा घासला गेला आहे इतकंच.

आपला आज्ञाधारक,
शेखर

ता. क. : गाडी परत न्या असं वर लिहिलं आहे, ते बाबा शेजारी बसले होते म्हणून. कृपया नेऊ नये. उलट पुण्यात शोधून क्लचची प्लेट आणि छताचं नवं कापड धाडावं. शाकीब म्हणतो, इकडे मिळत नाही, आणि मिळालं तरी तो पुन्हा मोहब्बत करेल.

दुसरा ता. क. : पत्र ताईनं वाचलं. डोळ्यांत पाणी आल्याचं वाक्य तिनं खोडलं होतं, मी परत लिहिलं. ती रागावलेली नाही असं ती म्हणते. आपण तिला फोन करून तसं विचारावं, म्हणजे ती खरं काय ते सांगेल.

शेवटचा ता. क. : दिवाळीला या. अमरावतीच्या स्टँडवर उतरा, ऑटो करू नका, ताई घ्यायला येईल. डाव्या सीटवर बसायचं आणि गिअर कधी बदलायचा हे घरापर्यंत सांगायचं नाही. बाबांनी अकोल्यापर्यंत एकही सूचना केली नाही, आणि ते तर आपले सासरे आहेत.