पाच एफ

क्लॅडनो, नेब्रास्का
रविवार, १४ जानेवारी २०२४

प्रिय लिनेट,

तू बरी असशील असे धरून चालतो. इकडे कडाक्याची थंडी आहे. वर्नामावशीचा गुडघा धरला आहे, तरी तिने काल खसखशीचे गोड पाव, कोलाचे, केले आणि तुझ्या वाटणीचे बारा डीप फ्रीजमध्ये ठेवले. टायरच्या दुकानाचे शटर रोज सकाळी गरम पाणी ओतून उघडावे लागते.

तू पाठवलेले दोन्ही कागद मी तीनदा तपासले. कॉलेज ३.७७ म्हणते आणि लॉ कॉलेजांसाठी गुण मोजणारे ऑफिस ३.३२. तुला वाटले, त्यांची चूक असेल. चूक नाही. तू ते पाच विषय पुन्हा दिलेस तेव्हा कॉलेजने जुने एफ पुसले. हे ऑफिस काही पुसत नाही, दोन्ही वेळचे धरते. म्हणून तुझे एकशे बत्तीस गुण भागिले पस्तीस नाही, भागिले चाळीस. ३.३०. तुझ्या तीन ए-प्लसना ते चारच्या वर थोडे जास्त देतात, त्याने ३.३२ होतात. आणखी काही वर नेता येते का, हे मी काल दिवसभर शोधले. सापडले नाही.

आणि आता ते सत्र का बुडाले, अटक का झाली, हे अर्जात लिहावे लागणार. तू विचारतेस, "काय लिहू?"

मला वाटते, यंदा अर्ज करू नकोस. पुढच्या वर्षी कर. तोवर नोकरी कर, शेवटच्या सत्राचे गुण त्यात येतील, आकडा थोडा सुधारेल.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू काउंटीच्या तुरुंगातून फोन केला होतास. "एमेट, टेबलावर विषय सोडल्याचा फॉर्म आहे. एकोणतीस तारखेच्या आत दे. सोडलेला विषय मोजत नाहीत, एफ मोजतात. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग तोंडाने बोल की."

"देतो."

मी गेलो होतो. कॉलेजच्या फाटकाशी शेरीफची गाडी उभी होती. मी तसाच मागे वळलो. तुला सांगितले, त्यांनी घेतला नाही. फॉर्म अजून माझ्याकडे आहे. ते पाच एफ तुझे नाहीत.

एवढे लिहून मी उठलो होतो. वाटले, एवढे पुरे. पण पुरे नाही.

गुरुवारी लायल ब्रॅट दुकानात आला. त्याच्या पिकअपचे मागचे चाक बसले होते. सगळ्यांदेखत म्हणाला, "काय एमेट! पाना जपून धर हां. तुमच्या घराण्याला तो मानवत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मी चाक काढायला बसलो तसा तो शेजारी उकिडवा बसला.

"बहीण वकील होणार म्हणे?"

"बघू."

"होऊ दे की. मला कोणी विचारलं तर मी नुसतं हे दाखवीन." त्याने बोट घालून काचेचा डोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घे, धुतलेला आहे. एमेट, तिला एवढंच विचार, मला का मारलं? मी तर तिला ओळखतही नव्हतो रे."

त्याला खरेच काही आठवत नाही. तो मस्करी करत नव्हता.

त्याचा डोळा गेला त्या संध्याकाळी बोलिंगच्या हॉलमध्ये तो एवढेच म्हणाला होता, "बिल एमेटकडे द्या, तो स्पेलिंग तपासेल. बेरीज त्याची बहीण करेल." दहावीतून शाळा सोडलेल्याला अशा गोष्टी ऐकाव्या लागतात. मी बाहेर जाऊन गाडीतून चाकाचा पाना काढला आणि त्याच्या पिकअपमागे थांबलो. त्याने मला धक्कासुद्धा दिला नव्हता. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्याने वर केलेल्या हातावर, बोटे मोडल्याचे कळले. तिसरा डोळ्यावर. तो पडला आणि म्हणाला, "बस झालं, बस झालं." चौथा मी त्यानंतर मारला. तो "बस" म्हणाला म्हणूनच मारला. मला बरे वाटले होते, लिनेट.

तू धावत येऊन पाना हिसकावलास आणि म्हणालीस, "पळ." मी गाडी घेऊन गेलो, तुला तिथेच टाकून. शेरीफचे डेप्युटी आले तेव्हा पाना तुझ्या हातात होता. तू खोटे बोलली नाहीस. तू एकेचाळीस दिवस काहीच बोलली नाहीस. कोणी पाहिलेले नव्हते, लायलला आठवत नव्हते, म्हणून खटला सोडून दिला. मी त्या एकेचाळीस दिवसांत दोनदा भेटायला आलो.

पुढच्या वर्षी अर्ज कर, असे मी वर लिहिले, त्याचे कारण गुण नाहीत. लिंकन शहरातल्या एका वकिलाला मी नाव न सांगता विचारले होते. तीन वर्षे उलटली की अशा गुन्ह्यासाठी कोणाला धरता येत नाही. ती ९ ऑक्टोबरला पुरी होतात. तुझ्या अर्जाची मुदत १५ फेब्रुवारीला संपते, आणि त्यात तू खरे लिहिलेस तर मी आधीच धरला जातो. तुला थांबवावे म्हणूनच मी हे पत्र लिहायला बसलो होतो. ते वाक्य मी खोडलेले नाही. तुला दिसू दे.

सोबत दोन पाने आहेत. त्यात वरचे सगळे तारीखवार लिहिले आहे, फॉर्मचेही. अर्जाला जोड. उद्या सुट्टी आहे, काउंटीची इमारत, सरकारी वकिलाचे ऑफिस आहे ती, बंद असेल. मंगळवारी सकाळी आठला उघडते. दुसरी प्रत घेऊन मी तिथे जाईन, आणि तिथून सोडले तर लायलकडे. हे पत्र मात्र आताच पेटीत टाकतो, म्हणजे मंगळवारी माझे मन फिरले तरी उपयोग होणार नाही.

तोवर फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी जाणार नाही.

तुझा मोठा भाऊ,
एमेट जोसेफ कुचेरा

(पूर्ण नाव मुद्दाम लिहिले आहे. हे पत्रही कोणाला दाखवावे लागले तर दाखव.)