तळव्याने पुसलेलं

९ जानेवारी

आज पुन्हा तेच भांडण. मी टॅबवर बोटाने लिहिते, समोरच्याला दाखवते आणि तळव्याच्या कडेने काच पुसते. पडदा क्षणभर पांढरा लखलखतो — अक्षरं मात्र तिथंच! मग कोपऱ्यातलं खोडरबराचं चित्र दाबायचं, तेव्हा कुठे पाटी कोरी होते.

"तळव्यानं पुसलं जात नाही गं ते," पवित्रेट्टन म्हणाले. "शाळेतली पाटी आहे का? आता तेवढी थुंकी लावायची राहिलीय."

मी लिहिलं — 'सवय.' तळवा फिरवला. रबर दाबलं. कोरी.

लग्नाची चाळीस वर्षं हा माणूस शिलाईयंत्रावर मान घालून माझी भाषणं ऐकत आला. आता माझं एक वाक्य लिहून होईतो यांची चार बोलून होतात. चहाच्या दुकानात म्हणाले म्हणे, "आमच्या घरी सत्तापालट झाला!" लोक हसले. हसू देत. माझ्या गळ्यातल्या भोकावर बांधायला त्यांनीच मलमलीचे बारा तुकडे शिवलेत, प्रत्येक साडीला जुळेल असा एक. मी मागितले नव्हते.

स्वरयंत्र काढून आज पाच महिने झाले.

११ जानेवारी

रागाचं काही खरं नाही. लिहीपर्यंत निवतो.

१८ जानेवारी

दुपारी डोळा लागला. विडीच्या कारखान्यातला तो लांब हॉल. साठ बाया ओळीनं, मांडीवर सूप, कात्र्यांचा बारीक आवाज. मी मधल्या बाकावर उभी राहून वाचतेय. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी — तेव्हा होतं तसंच. मी वाचायची आणि माझ्या वाट्याच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. जग मी तिथंच वाचलं. रशियातला बर्फ, बंगालातला दुष्काळ, फ्रान्समधल्या बायकांचा मोर्चा — सगळं तंबाखूच्या वासात.

स्वप्नात तोंड उघडलं तर आवाजाऐवजी पानं पडायला लागली. कापलेली, चौकोनी, मऊ. बाया ती शांतपणे उचलत होत्या, तंबाखू भरत होत्या, वळत होत्या. कुणीच तक्रार केली नाही. "वाच ना वसुमती, पुढचं वाच," एवढंच म्हणत होत्या.

उठले तेव्हा उशी ओली. गळ्यातल्या भोकातून श्वास कसा शांत येत-जात होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा, प्रसीताचा फोन. दर रविवारी अकराला मस्कतहून येतो, वडिलांसाठी. मी स्वयंपाकघरात. फोडणी जळेपर्यंत ऐकते. आज नर्सिंगच्या नव्या पाळ्यांबद्दल बोलत होती. हसली एकदा. तिचं हसणं अजून मध्येच तुटतं.

टॅब तिनेच पाठवलेला. वडिलांच्या नावानं! "सगळं जोडून ठेवलंय अच्छन, तुम्ही फक्त चालू करा." माझं नाव घेतलं नाही. माझ्याशी बोलून अकरा वर्षं झाली.

तिच्या लग्नाला मी गेले नाही, हे गावाला ठाऊक आहे. ऐंशी तोळे सोनं! स्वतःच्या पगारातून घेतलं म्हणाली — तर काय झालं? ज्या बाईनं आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितलं की मुलगी ही सराफाच्या दुकानातली बाहुली नाही, तिनं त्या मांडवात हसत उभं राहायचं? आदल्या संध्याकाळी वाचनालयाच्या पटांगणात बोलले. एक तास दहा मिनिटं. टाळ्या थांबत नव्हत्या. भोंगा आमच्या घराकडे तोंड करून बांधलेला होता आणि घरात पाहुणे जेवत होते.

आज फोन संपल्यावर, पवित्रेट्टन अंघोळीला गेले तेव्हा, टॅबवर काहीतरी लिहिलं. दोनदा वाचलं. पुसलं. काय लिहिलं ते इथंसुद्धा लिहिणार नाही.

३ फेब्रुवारी

दिवसभरात: 'चटणीत मीठ कमी.' 'गॅस संपत आला.' 'पंखा बंद करा.' — ही माझी भाषणं!

२२ फेब्रुवारी

वाचनालयाचा वर्धापनदिन. आग्रह करून मला मंचावर बसवलं. मी टॅबवर चार वाक्यं लिहून आणलेली, वाचून दाखवणार होती ग्रंथपाल बिजिना. चांगली मुलगी. पण वाचलं कसं! 'ज्या गावात वाचनाची खोली भाड्यानं जाते, तिथं विचारही भाड्यानं राहतात' — हे वाक्य तिनं रेल्वे उशिरा येत असल्यासारखं जाहीर केलं.

उतरताना म्हणाली, "एच्ची," — गावातल्या सगळ्या पोरींची मी ताई — "चुकलं का काही?"

मी लिहिलं — 'तू घाबरलीस.'

"तुमचं वाक्य आहे ना! हातात निखारा दिल्यासारखं वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी. मग मी लिहिलं — 'छान वाचलंस.' खोटं. आवाज असता तर हे खोटं मी बोलले नसते. लिहिताना मऊ व्हायला होतं. का कोण जाणे.

१६ मार्च

देवराईत तेय्यम. पहाटे चेंड्याच्या, त्या उभ्या ढोलाच्या आवाजानं जाग आली आणि मी गेले. माझा देवावर विश्वास नाही, चेंड्यावर आहे. लाल रंगात माखलेला तो परवापर्यंत आमच्याकडे नारळ उतरवायला येणारा माणूस — आज देव होऊन एकेकाचा हात धरून बोलत होता. माझ्यापुढे आला. हात हातात घेतला. सगळ्यांना विचारतो तसं त्यानं विचारलं, "काय सांगायचंय, माये?"

टॅब घरी राहिला होता.

धुक्यात कितीतरी वेळ आम्ही तसेच उभे. त्यानं मान हलवली, जणू माझं सगळं सांगून झालं होतं. तळहातावर हळद ठेवली आणि पुढच्या बाईकडे गेला. परतताना वाटभर मला वाटत होतं, मी खरंच काहीतरी बोलले. काय, ते आठवत नव्हतं.

१४ एप्रिल

विषू, आमचं नवं वर्ष. पवित्रेट्टननी पहाटे माझे डोळे झाकून देव्हाऱ्याशी नेलं — बहाव्याची फुलं, काकडी, आरसा, दिवा. दरवर्षी मी याच्यावर दहा मिनिटं टीका करते. यंदा नुसती पाहत राहिले. आरशात मी, मागे ते.

"यंदा भाषण नाही?" म्हणाले. आवाज उतरलेला होता. नंतर ओसरीवर एकटेच बसून राहिले, फोन हातात. केळीच्या पानावर दोघांपुरतं जेवण.

२१ एप्रिल

टॅब अडला. 'जागा शिल्लक नाही.' वाचनालयात बिजिनाकडे नेला.

तिनं इकडेतिकडे बोटं फिरवली. मग: "एच्ची… हे सगळं तुम्ही मुद्दाम ठेवलंय?"

पडद्यावर लहान लहान चौकोन. प्रत्येकात माझं अक्षर. खाली, आणखी खाली, ती ओढत होती आणि ते संपत नव्हते. चार हजार दोनशे अकरा!

"पडद्यावरून तळवा फिरवला की स्क्रीनशॉट निघतो," ती म्हणाली. "जे दिसतंय त्याचा फोटो. तुम्ही पुसायच्या आधी प्रत्येक वेळी हे यंत्र ते उचलून ठेवत होतं."

मी पुसत होते. ते ठेवत होतं.

मला हसू आलं — अगदी भोकातून शिट्टी वाजेपर्यंत. बोललेला एकही शब्द मी व्यासपीठावरून कधी मागे घेतला नाही. लिहिलेलाही यंत्रानं मागे घेऊ दिला नाही! तेवढ्यात बिजिना म्हणाली, "आणि खातं कुणाचं आहे? प्रसीताचं दिसतंय. म्हणजे हे सगळं तिच्या फोनवरही जात असणार. आपोआप."

हसू कुठं गेलं कळलं नाही. 'ती बघते का?' लिहिलं.

"ते कसं सांगू, एच्ची? बघतही असेल. कदाचित तिला माहीतच नसेल."

'इथं मिटवलं तर?'

"तिथंही मिटतं. खातं एकच ना — इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. कचऱ्याच्या पेटीत महिनाभर राहतं, मग कायमचं."

लिहिलेलं पुसायला तळवा उचलला आणि तो हवेतच राहिला.

२२ एप्रिल

मिटवायला बसले. कारण साधं आहे — त्यात तिच्याबद्दल आहे. 'तुमची लेक पैसे पाठवते म्हणजे उपकार करते का?' 'तिला सांगा, मला नको तिचा पंखा.' 'आई मेली असं समजते ती, समजू दे.' रागाच्या भरात पवित्रेट्टनना दाखवलेली आणि 'गेली एकदाची' म्हणून पुसलेली वाक्यं. माणूस तोंडानं बोलतो तेव्हा हवा ते घेऊन जाते. ही हवा तर मस्कतला जाते!

बोट दाबून धरायचं, बरोबरची खूण उमटते, मग पुढचं, पुढचं, मग पेटी. दुपारपर्यंत तीनशे गेली.

२४ एप्रिल

वेग मंदावला. वाचत बसते आहे.

दुपारची ऊन-सावली काचेवर हलते आणि खाली माझी वाक्यं सरकत जातात, जणू तळ्याच्या पाण्याखाली मासे. 'कावळा आलाय, ताट झाका.' 'तुम्ही आज चष्मा न लावता सुई ओवली!' 'पुट्टू उरलाय, सकाळी खा.' 'ऐका ना.' — नुसतं 'ऐका ना.' हे सतरा वेळा आहे. पुढे काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. माईकवरून येणारा आवाज पुढे जातो, बोलणाऱ्याला मागे फक्त गुणगुण येते. इथं पहिल्यांदा समोरच्या रांगेत बसल्यासारखी मी मला ऐकते आहे. ही बाई घरात काय बोलते? मीठ, गॅस, पाऊस येईल का, तुम्ही जेवलात का. क्रांतीचं एक वाक्य नाही.

तरी सहाशे मिटवली.

२७ एप्रिल, रविवार

फोन झाल्यावर पवित्रेट्टन स्वयंपाकघरात आले. दारातच उभे.

"तुझं विचारत होती."

माझ्या हातातला चमचा थांबला.

"म्हणाली, 'अम्मा बरी आहे ना? खरं सांगा अच्छन, काही लपवू नका.' दोनदा विचारलं. अकरा वर्षांत कधी नाही ते. तू काही केलंस का?"

मी ओट्यावर बसले. मी पाच दिवसांपासून मिटवते आहे. तिच्याकडूनही एकेक शब्द नाहीसा होतो आहे. नर्स आहे ती — माणूस हळूहळू गप्प होत जातो तेव्हा पुढे काय असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणजे बघते. रोज बघते!

कचऱ्याची पेटी उघडली आणि सगळी वाक्यं परत आणली. वाईटसुद्धा. एकच काढायचं ठरवलंय — दोन फेब्रुवारीचं. ते व्यासपीठावरच्या बाईचं नाही, तिनं पाहिलं असलं तरी तिच्याकडे राहू नये. उद्या शोधते.

२८ एप्रिल

सापडलं. 'विचार चुकला नव्हता. भोंग्याचं तोंड चुकलं. तू आत सजत बसली होतीस.'

मिटवायला बोट ठेवलं आणि शेजारचा चौकोन दिसला. अक्षर माझं नाही. डावीकडे कललेलं, गोल.

'अम्मा, मी रोज वाचते. विषूला येऊ का? अच्छनना विचारणार नाही. तू सांग.'

तारीख तीन फेब्रुवारी. त्याच्या पुढचा चौकोन माझा — 'चटणीत मीठ कमी.'

पवित्रेट्टननी वाचलं आणि खाली जमिनीवरच बसले. "रजा घेतली होती तिनं," म्हणाले. "विषूच्या दोन दिवस आधी रद्द केली. का, ते सांगितलं नाही. तुला काय सांगणार म्हणून मीही गप्प."

मग त्यांनीच टॅब उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"आता बघत काय बसलीस, वसुमती? बोल ना!"