पत्नीस व्हीलचेअरवरून उठू देणेबाबत

प्रति,
मा. ड्युटी मॅनेजर,
आंतरराष्ट्रीय आगमन विभाग,
विमानतळ.

विषय : सामानाच्या पट्ट्याजवळ बसवून ठेवलेल्या माझ्या पत्नीस स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ देणेबाबत.

संदर्भ : बाहेरच्या दारावरील सुरक्षारक्षकांची तोंडी सूचना, 'काय ते लेखी द्या.'

महोदय,

सविनय सादर करतो की, मी व माझी पत्नी आज दुपारच्या विमानाने येथे उतरलो. आमची एकुलती एक मुलगी शहरातील रुग्णालयात असून संध्याकाळी तिचे हृदयाचे ऑपरेशन आहे. आईला पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, असा तिचा हट्ट आहे. जावईबापू तिच्याजवळ थांबल्याने आम्हाला न्यायला कोणी आलेले नाही. विमानतळाखालून सुटणारी गाडी पकडायची, शेवटच्या स्टेशनवर उतरायचे, समोरच रुग्णालय, असे त्यांनी फोनवर माझ्याकडून पाठ करून घेतले आहे.

१. पत्नीच्या तिकिटावर 'चालता येत नाही' अशी नोंद आहे. ती खोटी आहे. पत्नी ठणठणीत असून जिना माझ्याआधी चढते. परंतु एवढ्या मोठ्या विमानतळावर हरवाल, व्हीलचेअर मागा, म्हणजे सोबत माणूस मिळतो, असे झाडून सगळ्या नातेवाइकांनी सांगितले. सगळेच तसे करतात म्हणे.

२. सदर माणसाने आम्हाला तपासणीतून झटपट काढले, पत्नीची खुर्ची सामानाच्या पट्ट्याशेजारी लावली, मला ट्रॉली घेऊन पुढे व्हायला सांगितले आणि पाळी संपली म्हणून तो निघून गेला. मी बाहेर आलो. या दारातून परत आत जाता येत नाही, हे मला बाहेर आल्यावर कळले.

३. चौकशी खिडकीवर उत्तर मिळाले की, बाई चालू शकत नाहीत, म्हणजे त्या आहेत तिथेच असणार, सबब त्या हरवलेल्या नाहीत. त्या चालतात, असे मी सांगितले. तर म्हणे, नोंदीत तसे नाही, आणि चालताना पडल्या तर जबाबदार कोण? तेथून मला राहिलेल्या सामानाच्या खिडकीकडे धाडले. तेथील बाईंनी रंग विचारला. मी हिरवा सांगून बसलो. साडीचा हो!

४. दार उघडले की पत्नी दिसते. पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली आहे. 'अगं ऊठ, ये इकडे!' असे मी ओरडलो. तिने आजूबाजूला पाहिले आणि मलाच डोळे वटारून गप्प राहायची खूण केली. यात तिचा दोष नाही. काही झाले तरी उठायचे नाही, उठलीस तर खोटे पकडतील आणि आल्या पावली परत पाठवतील, असे विमानात मीच तिला बजावले होते. लग्न झाल्यापासून तिने माझे एवढे कधी ऐकले नव्हते. नेमके आजच ऐकते आहे.

५. मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. त्यामुळे लेखी द्या म्हटल्यावर मला राग आला नाही. आता येतो आहे. मला एकट्याला शहरात जाता येईल, पण मुलीला मी नको आहे, आई हवी आहे. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. तरी वाटतेच.

हे लिहीत असतानाच मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी वेळ अलीकडे घेतली असून तिला आताच आत नेत आहेत. फोन तिने आईच्या मोबाईलवर केला, आणि तो राहिला माझ्या खिशात. बाबा, तुम्ही का उचललात, आई कुठाय, असे तिने विचारले. मी तिला जरा थांब म्हटले आहे व फोन चालूच ठेवला आहे.

तरी आता खुर्ची, नोंद, जबाबदारी, कशाबद्दलच माझी तक्रार नाही. खोट्या नोंदीबद्दल मला काय ती शिक्षा करा, हवे तर परत पाठवा. फक्त हा मोबाईल कोणाकरवी तरी आत नेऊन पत्नीच्या कानाला लावावा. ती उठेल आणि धावत सुटेल. त्या वेळी तिला कोणी धरू नये, ही हात जोडून विनंती.

आपल्या दाराशी उभा,
नम्र अर्जदार
(सही)
दिनांक : आजचाच

सोबत : मोबाईल, एक. मुलगी लाईनवर आहे, कृपया बंद करू नये.