अकरा सेकंदांचं हसू

बरबँक, कॅलिफोर्निया
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय एमेट,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. एरवी मी उलट टपाली उत्तर धाडणारा माणूस; या वेळी चार कागद फाडून झाले. काल अनुश म्हणाली, "मित्राला पत्र लिहितोयस की कोर्टात जबानी देतोयस?" मी उगाचच तिच्यावर खेकसलो. बायकोला काय कळलं कोण जाणे, पण तेव्हापासून ती या खोलीत फिरकलेली नाही.

दुपारी टीव्हीवर हल्ली आपली ती विनोदी मालिका, 'फोर्ट टर्निप', पुन्हा दाखवतात. वीस वर्षांत काही म्हणजे काही बदललेलं नाही. घोड्याला घाबरणारा तो कॅप्टन, स्वतःच्याच मुदपाकखान्यावर तोफ डागणारे ते शिपाई आणि कुंपणापलीकडची तुमची ती 'जमात'. ब्रुकलिनचा नट अंगाला तपकिरी रंग फासून सरदार झालेला, आणि त्याच्यामागे टर्कीच्या पिसांचा टोप घालून मुका उभा तू. अख्ख्या जमातीत खरा रेड इंडियन तू एकटा, आणि दिग्दर्शक तुलाच शिकवायचा, "एमेट, जरा इंडियनासारखा चाल ना रे बाबा!" संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन तू ती चाल करून दाखवायचास आणि आपण दोघं पोट धरून हसायचो.

बाकी दिवसभर माझ्याकडे हसू असायचं ते पेटीतलं. ती माझी कुलूपबंद पेटी तुला आठवत असेल. टाइपरायटरसारख्या कळा, पायाशी पेडल, आणि आत कुठल्या कुठल्या नाट्यगृहांत टेपवर धरून ठेवलेली शेकडो माणसं. एका कळीवर खुदकन हसणारी म्हातारी, दुसरीवर खिंकाळणारा जाड्या. चित्रीकरण संपलं की निर्माता शेजारी बसायचा, मी एकेका विनोदामागे हसू भरत जायचो. हे काम करणारे गावात आम्ही चारच जण होतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मग तो भाग आला. संहितेत एवढंच लिहिलं होतं, 'म्हातारा त्यांच्या भाषेत काहीतरी बडबडतो,' आणि तो म्हातारा तुला व्हायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत तू माझ्यासमोर येऊन बसलास आणि पहिल्यांदा घरचं बोललास. सहा वर्षांपूर्वी आईशी कडाडून भांडून तू बसमध्ये बसला होतास आणि ती म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. पत्र धाडावं तर तिला वाचता येत नाही. दुकानदार ते चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचणार. पण गॅलप गावाच्या रस्त्यावरच्या त्याच दुकानात टीव्ही होता, आणि तुझी मावशी तिला ट्रकमधून तिथे आणणार होती. तुमच्यात बोलणं सुरू करण्याआधी आपली कुळं सांगतात, तशी आईचं कूळ, बापाचं कूळ सांगून तू म्हणणार होतास, "आई, माझं चुकलं. वसंतात घरी येतोय." सगळे मिळून अकरा सेकंद. "वार्तान, तेवढ्यात हसू घालू नकोस," असं म्हणालास. "तिला माझा आवाज नीट ऐकू आला पाहिजे."

मी आईच्या गळ्याची शपथ घेतली. माझी आई फ्रेझ्नोत तीस वर्षं राहिली, पण शेवटपर्यंत तिला आर्मेनियनखेरीज दुसरी भाषा आली नाही. टीव्हीचा आवाज बंद करून ती नुसती माणसांची तोंडं बघत बसायची. तू काय मागतोयस हे त्या स्टुडिओत कुणाला कळण्यासारखं असेल, तर ते मलाच.

आता जे लिहिणार आहे, ते लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. निर्माता लू बॅनिस्टर शेजारी बसला होता. तुझा प्रसंग आला. तू बोललास, किती हळू आणि सरळ बोललास रे! लू खुर्चीतून पुढे वाकला. "वार्तान, झोपलास काय? इथे मसणवट झालीय नुसती. दाब की ते पेडल!" मी म्हणू शकलो असतो, "लू, हे असंच राहू दे." तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याची नवी मालिका येणार होती आणि तिचं काम त्यानं अजून कुणाला दिलं नव्हतं. मी पेडल दाबलं.

नुसतं दाबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी कसब दाखवलं, एमेट. तुझ्या पहिल्या कुळाच्या नावावर म्हातारीला खुदकन हसवलं, दुसऱ्यावर जाड्याला सोडलं, आणि तू 'आई' म्हणालास तिथे अख्खं नाट्यगृह उसळवलं. तुझा एक शब्द वर येऊ दिला नाही. लूनं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तू एप्रिलमध्ये गावी पोचलास तेव्हा तुझ्या आईला जाऊन दोन महिने झाले होते. तुमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. मावशीनं तुला जे सांगितलं ते तू परत आल्यावर मला सांगितलंस. तू पडद्यावर दिसलास तशी ती उठून उभी राहिली होती. मग हशा झाला. तिनं मावशीला विचारलं, "पोरानं आपली कुळं सांगितली काय? त्याला हसताहेत का ते?" आणि पुढचं न बघता ट्रकमध्ये जाऊन बसली.

हे ऐकताना मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "त्या दिवशी मला ताप होता रे. बदली माणूस आला होता." तुझ्या दुःखापुढे मला हेच सुचलं. आणि तू, खुळ्या, उलट माझीच समजूत काढलीस! वीस वर्षं मी तुझ्या घरचं मटण खातोय, तुझ्या बायकोनं विणलेली घोंगडी पांघरतोय आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोयस, "त्या दिवशी हा वार्तान असता ना, तर आईनं माझा आवाज ऐकला असता." तू हे म्हणालास की मी दर वेळी ताटात बघतो. तुला वाटतं मी लाजतो.

आणि आता हे तुझं पत्र. सप्टेंबरात मी आलो होतो तेव्हा तुझी नात माझ्या मांडीवर असताना माझा चष्मा घसरून कॉफीत पडला आणि पोरगी खळखळून हसली. आयुष्यातलं पहिलं हसू. तिची आई लोरेन ओरडली, तू धावत आलास, मला वाटलं बाळाला काही झालं. आता तू लिहितोस की ज्याच्यामुळे मूल पहिल्यांदा हसतं, त्यानंच तुमच्या रिवाजाप्रमाणे मेजवानी द्यायची, बाळाच्या मुठीतून पाहुण्यांना मीठ वाटायचं. 'मेंढी मी कापतो, मीठ तू आण.' आणि खाली लिहितोस, त्या माणसाचा स्वभाव मुलात उतरतो, 'आणि आम्हाला ती तुझ्यासारखीच दिलदार आणि शब्दाला जागणारी हवी आहे.' ही ओळ वाचली आणि मी कागद उलटा ठेवला. एमेट, त्या दिवशी मला ताप नव्हता. पेडलवर पाय माझा होता. मीठ आणून ठेवलंय, पण ते घेऊन तुझ्या दारात यायची माझी हिंमत नाही. हे पत्र लोरेनला वाचून दाखव, मुलगी तिची आहे. ये म्हणालात तर मी येईन आणि सगळ्या पाहुण्यांसमोर हे सांगूनच मीठ वाटीन. नको म्हणालात तर त्या पोरीला पुन्हा कुणीतरी हसवावं, कुणीतरी भल्या माणसानं, आणि तेच पहिलं धरा.

तुझाच म्हणवून घ्यायचं की नाही, हे आता तुझ्याकडे,
वार्तान