फक्त तुला सांगते

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं ते पोर सतत पायात पायात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या दुकानातल्या काचा घासायच्या मशीनशेजारी बसून लिहिते आहे. कागदावर भुकटी पडली असेल तर झटकून वाच.

परवा सकाळी मी भोवऱ्याच्या बुटाच्या नाड्या बांधत होते. शाळेची बस यायला पाच मिनिटं होती. म्हटलं, चला, निघायचं आता. तर तो म्हणाला, "जाते." मी सवयीने म्हटलं, जातो म्हणावं. हे गेले तीन-चार महिने चाललंय. मला वाटायचं, दिवसभर माझंच बोलणं कानावर पडतं, म्हणून होत असेल. पण परवा तो वाकून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "आई, मी मुलगी आहे. फक्त तुला सांगते. बाबांना अजून नको सांगूस." तेवढ्यात बस आली. एका बुटाची नाडी तशीच लोंबत राहिली.

ताई, सहा वर्षांचं पोर गं ते. फ्रॉक मागत नाही, बाहुल्या मागत नाही. हे लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून जुनी बटणं आणतात, त्यांच्याशी तासन्‌तास खेळतो. संध्याकाळी मी हळूच विषय काढला. तर म्हणे, नानाआजोबांनी भोवरा नाव ठेवलं ते बदल, भिंगरी म्हण, पण आपण दोघीच असू तेव्हा. आणि कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. मी दिलं.

आता सांग, मी काय बोलू? रागावू की हसण्यावारी नेऊ? त्याच्या मनात काही दुखतंय का? तू पंचवीस वर्षं बालवाडी चालवतेस, आया तुझ्याकडे रांगा लावतात, मग मी कुणाकडे जाणार? वचन मोडून लिहिते आहे, म्हणून वाचलंस की फाडून टाक. नानांच्या हाती लागू देऊ नकोस. माझ्या घरातही अजून कुणाला माहीत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली (बिनाचष्म्याचे!),
तुझी धाकटी


दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून लगेच फाडलं, तेव्हा तो घोर सोड. आणि भुकटी झटकायला सांगतेस, पण आधी अक्षर सुधार. लोकांना चष्मे देतेस, तुझं अक्षर वाचायला मलाच भिंग घ्यावं लागतं.

आता कामाचं. आधी घाबरू नकोस. हे पोराने मनात दडपून न ठेवता तुला सांगितलं, म्हणजे तू त्याला जवळची वाटतेस. त्याला तेवढंच सांग, की मला सांगितलंस ते बरं केलंस. हसू नकोस, दटावू नकोस, वकिलासारखी उलटतपासणीही घेऊ नकोस. मुलं पाण्यात पाय घालून बघतात तसं एक वाक्य बोलून आपल्या तोंडाकडे बघतात. तोंड शांत ठेव. जे विचारेल त्याचं खरं आणि छोटं उत्तर दे. नसेल माहीत तर माहीत नाही म्हण. हा टप्पा आहे की कायमचं आहे, ते आज तुला कळायची गरज नाही, त्यालाही नाही. आणि वचन दिलंस ते पाळ. मुलांना दिलेला शब्द मोठ्यांना क्षुल्लक वाटतो, पण त्यांच्या जगात तीच दगडावरची रेघ असते.

नानांची तब्येत बरी आहे. रोज खाली जाऊन पत्ते कुटतात आणि हरले की समोरचा लबाडी करतो म्हणतात. सुट्टी लागली की भोवऱ्याला आठ दिवस माझ्याकडे पाठव. तुलाही जरा उसंत मिळेल.

काही झालं तरी मी पाठीशी आहे हे विसरू नकोस.
ताई


दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नसतीस तर माझं काय झालं असतं कोण जाणे. तुझं पत्र पर्समध्येच असतं. गिऱ्हाईक आरशात फ्रेम निरखत बसलं की मी तेवढ्यात काढून पुन्हा एकदा वाचते.

तू म्हणालीस तसंच केलं. सांगितलंस ते बरं केलंस, एवढंच म्हटलं. खांद्यावरचं ओझं उतरावं तसं पोर एकदम सैल झालं. मग प्रश्न सुरू झाले. मुलगी आहे हे कोण ठरवतं? डॉक्टरांनी चुकून लिहिलं असेल तर खोडता येतं का? मी म्हटलं, तू जन्मलास तेव्हा आम्ही जे पाहिलं ते लिहिलं, आत काय वाटतं ते तूच सांगू शकतोस, आणि बाकीचं मला नीटसं माहीत नाही, आपण मिळून शोधू. ते त्याला पटलं. दोघीच असलो की मी भिंगरी म्हणते आणि "जाते" ला "जातो" करत नाही. बाकी काहीच बदललं नाही. पूर्वीसारखं गाजर ताटाखाली लपवणं चालूच आहे.

तुला लिहिताना मात्र मी अडखळते. तो लिहू की ती? शेवटी पोर लिहिते. ते पोर. आपल्या भाषेने ही एक सोय बरी करून ठेवली आहे.

यांना सुट्टीनंतर सांगायचं असं आमचं दोघींचं ठरलंय. पोर स्वतः सांगणार आहे. हे हल्ली जरा तुटक वागतात. विचारलं तर रुग्णालयाच्या लिफ्टचं काम वाढलंय म्हणतात.

बावीस तारखेला पोराला आणून सोडते. मावशीला माहीत आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा तू काही माहीत नसल्यासारखीच वाग, एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या आधारावर उभी,
धाकटी


दि. २७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भोवरा मजेत आहे. पहिले तीन दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं, नानांना पत्त्यात दोनदा हरवलं. कालपासून जरा गप्प आहे, पण तुझी आठवण येत असेल. जेवण बेताचंच आहे, मी मागे लागत नाही.

रविवारी तुझे अहो येऊन गेले. या बाजूला काम होतं म्हणे. बापलेक फिरून आले, येताना भोवऱ्याचे केस कापून आणले. छान दिसतो, मान मोकळी झाली. किती वाढवले होतेस गं, डोळ्यांवर येत होते. आल्यावर रागावू नकोस.

त्याला तेच परत आणून सोडतील. तुला यायची दगदग नको.

तुमच्या भल्याचीच चिंता करणारी,
ताई


दि. ८ एप्रिल

ताई,

मायना लिहायला हात उचलत नाही.

पोर घरी आलं ते टोपी घालून. जेवतानाही काढेना. मला वाटलं, केस फार बारीक कापलेत, लाजत असेल. मग ऐकलं तर "मी जेवलो, मी दात घासतो, मी झोपतो." एकेक शब्द जपून, निसरड्यावरून चालताना पाय टाकावा तसा. खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला बरं वाटलं. त्या क्षणाची आता लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्याला दुकानात घेऊन गेले. ते काउंटरखाली फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांत बसलं होतं. वर मी एका बाईंच्या बुबुळांमधलं अंतर मोजत होते. खालून आवाज आला, "तू पत्रात भिंगरी पण लिहिलंस." मी बाईंना तसंच, नाकावर मापाची जड फ्रेम ठेवून, बसायला सांगितलं आणि खाली वाकून पोराशेजारी जाऊन बसले.

मग सगळं कळलं. रविवारी जेवणानंतर पोराला खुर्चीवर बसवलंत. समोर तू, नाना आणि हे. आणि तू कपाटातून माझं पत्र काढलंस. तू फाडलेलं पत्र. बुटाच्या नाडीपासून भिंगरीपर्यंत अख्खं वाचून दाखवलंस. भिंगरीला नाना हसले. मग तू, तुझ्या त्या शाळेतल्या गोड आवाजात, हे कुणी शिकवलं असं विचारलंस. हे उठले आणि पोराला न्हाव्याकडे घेऊन गेले. परतताना आइस्क्रीम घेऊन दिलं. पोर म्हणालं, "मी नाही खाल्लं. हातावरच वितळलं."

केसाने गळा कापणं नुसतं ऐकलं होतं, ताई.

संध्याकाळी मी यांना विचारलं. ते उठले आणि हत्यारांच्या पिशवीतून तुझी दोन पत्रं काढून माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्यात यांना रविवारी यायचं बोलावणं. पहिल्यावर तारीख आहे तेरा फेब्रुवारी. म्हणजे माझं पत्र तुझ्या हातात पडलं आणि तू आधी यांना लिहिलंस, की बायको पोराच्या खुळाला खतपाणी घालते आहे, तुम्ही बाप आहात, वेळीच लक्ष घाला. त्यानंतर पाच दिवसांनी, त्याच हाताने, मला वचन पाळायला सांगितलंस. मी ते पत्र पर्समध्ये घालून फिरत होते. आणि हे दीड महिना माझ्यासमोर बसून जेवत होते.

पहिली चूक माझी, हे मला ठाऊक आहे. पोराने मला एकटीला सांगितलं होतं, आणि मी तिसऱ्या दिवशी कागदावर उतरवलं. वर मावशीला माहीत नाही असं खोटंही सांगितलं. काउंटरखाली बसून मी ते कबूल केलं. म्हटलं, तुला विचारायला हवं होतं, मी चुकले. पोराने बराच वेळ खोक्याचा पुठ्ठा सोलला. मग म्हणालं, "मग आता कुणाला सांगायचं?"

तू पंचवीस वर्षं मुलांशी बोलतेस. या प्रश्नाचं उत्तर असेल तर कळव.

धाकटी


दि. १५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

तुझ्या भल्यासाठी केलं, असं लिहून पाहिलं. दोन कागद फाडले. हे मात्र खरंच फाडले.

तुला जे लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. दरवर्षी मी पालकांना तेच सांगते. पण ती सगळी लोकांची पोरं होती. आपल्या घरातलं पोर म्हटल्यावर मी भ्याले. उद्या शाळेत त्याला टोचून खातील, आयुष्यभर एकटं पडेल, असलं काहीबाही मनात यायला लागलं. ती भीती मला एकटीला पेलेना, म्हणून तुझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातली. आणि तुला कळू नये म्हणून शहाण्या बाईचं पत्र लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती मीच सांगायला हवी. खुर्चीवर बसलेल्या त्या पोराचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते मला दिसत होतं, तरी मी वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "हे वाचायला आईने दिलं?" मी हो म्हटलं. पत्र तूच पाठवलं होतंस, तेव्हा हे खोटं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तो काय विचारत होता ते मला नीट कळलं होतं. त्यानंतर तो रडला नाही, बोलला नाही. मी मात्र त्याला पटलं असं समजून खूश झाले.

नाना हसले ते आता कबूल करत नाहीत. पण पत्ते खेळायला खाली जात नाहीत. बाल्कनीत बसून राहतात.

मी येऊ का? पोराच्या पाया पडायचीही माझी तयारी आहे. माफ कर असं लिहायचा मला अधिकार नाही, तरी लिहिते.

तुझीच म्हणवून घ्यायची सोय राहिली आहे का ते कळव.
ताई


दि. ६ मे

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण तुझं ते "हो" गळ्याखाली उतरत नव्हतं.

ते मी पोराला सांगितलं. सगळ्यांसमोर वाचायला आईने दिलं नव्हतं, मावशी खोटं बोलली, आणि आईने मावशीला लिहिलं हे मात्र खरं, असं दोन्ही सांगितलं. कोण किती चुकलं ते पोराने बोटांवर मोजलं. माझ्या वाट्याला दोन बोटं आली. तुझी विचारू नकोस.

यांचं आणि माझं रोज थोडं भांडण होतं, म्हणजे बोलणं सुरू आहे असं समज. गेल्या रविवारी हे आतल्या खोलीत जाऊन पोराशेजारी जमिनीवर बसले आणि दार लोटून घेतलं. तासभर दोघं आत होती. यांनी काय सांगितलं आणि पोराने काय सांगितलं ते त्या दोघांत आहे. मी दाराला कान लावला नाही. बाहेर आले तेव्हा यांचे डोळे लाल होते. मुलांच्या एका डॉक्टरीण बाईंची वेळ घेतली आहे. पोराला विचारून घेतली.

तू येऊ नकोस. पाया पडूही नकोस. पुन्हा मोठी माणसं समोर येऊन काहीतरी मोठं करणार आणि पोराने खुर्चीवर बसून बघायचं, ते आता नको.

यापुढे मी तुला सगळं लिहीन. दुकानाचं लिहीन, यांचं लिहीन, माझी कंबर किती दुखते तेही लिहीन. पोराचं लिहिणार नाही. त्याची ख्यालीखुशाली हवी असेल तर त्यालाच पत्र घाल. आता जोडाक्षरंही वाचता येतात. उत्तर द्यायचं की नाही, काय सांगायचं, कोणत्या नावाने सही करायची, ते तिथे ठरेल. मी ते पत्र आधी उघडणार नाही, नंतर वाचणार नाही आणि तुझ्यासाठी चुगली करणार नाही. नानांनाही हेच सांग. बाल्कनीत बसून काही होत नाही, हातात पेन घ्या म्हणावं.

रात्री दिवा घालवला की मी आता काही विचारत नाही. नुसती शेजारी पडते. परवा अंधारात पोर काहीतरी बोललं, बऱ्याच दिवसांनी. काय ते तुला सांगावंसं वाटलं, बोटं शिवशिवली. लहानपणापासून माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुझ्याजवळ तर कधीच नाही. पण या वेळी भिजवीन.

लोभ आहे, ताई. तो रक्ताचा आहे, मी म्हटलं तरी जायचा नाही. विश्वास ठेवते असं मात्र आज लिहीत नाही.

धाकटी